दुसरा कान

व्हर्लीन ओक्सच्या पोटात मायतेबद्दल पहिल्यांदा दुखलं ते रॉकेटवरून नाही, पातेल्यावरून.

आमचा क्लब कोरड्या तळ्यावर रॉकेटं उडवायला जमतो, तेव्हा दुपारचं जेवण व्हर्लीनच्या पातेल्यातलं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. खिमा, घेवड्याचे दाणे, टोमॅटो आणि भरपूर मिरची. इकडे अमेरिकेत त्याला चिली म्हणतात. तिच्या ट्रेलरच्या सावलीत ते सकाळपासून रटरटत असायचं आणि माणसं हातात वाडगा घेऊन आपोआप यायची. त्या वर्षीच्या वसंतात मायते पहिल्यांदा आली. एल्को गावाकडची, स्पेनकडून आलेल्या मेंढपाळ बास्क घराण्यातली, सोन्याच्या खाणीवर मोजणीचं काम करणारी. चाळिशीची, उंच, हसरी. येताना तिने आईच्या हातचा मेंढीचा रस्सा आणला होता. "थोडासाच आहे हं, चवीपुरता," असं म्हणत तिने हे एवढं पातेलं गाडीतून उतरवलं. जेवणं झाली तेव्हा तिचं पातेलं पावाने पुसून काढलेलं होतं, आणि व्हर्लीनच्या पातेल्यात पळी उभी राहील इतकं शिल्लक होतं.

"चांगला होता का गं रस्सा?" व्हर्लीनने मला विचारलं.

"मला काय माहीत बाई? मी तुझंही खात नाही आणि तिचंही नाही. माझा डबा वेगळा."

"म्हणून तर तुला विचारलं. बाकीच्यांची तोंडं विकली गेलीत."

व्हर्लीन माझी शेजारीण. माझ्या यजमानांना जिप्समच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही नेवाडातल्या या बिटर वेल गावात आलो, तेव्हा पहिल्या दिवशी दारात आली ती हीच, हातात मक्याच्या पावाचं ताट आणि तोंडात प्रश्न: "तुम्ही लोक दारू पीत नाही असं ऐकलं, खरं का?" उंचीने बेताची, खांद्याने रुंद, केस पुरुषासारखे कापलेले. त्याच कारखान्यात तिने सगळा जन्म काढला, भिंतीला लावायचे जिप्समचे तक्ते कापायच्या करवतीवर. ती करवत चालू असली की शेजारच्या माणसाला ओरडून सांगावं लागायचं. म्हणून व्हर्लीनचा आवाज मोठा, असं आम्ही सगळे समजत होतो.

रॉकेटचं वेड मूळ तिच्या नवऱ्याचं, लॉइडचं. क्लब त्याने आणि टपालखात्यातल्या हॉलिसने मिळून काढला. ही दिवाळीतली रॉकेटं नव्हेत. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीची, नळीत घट्ट इंधन भरलेली, विमानवाल्यांची परवानगी काढून उडवायची. डोळ्यांदेखत ढगाच्या वर जातात आणि पॅराशूट उघडून मैल-दोन मैल लांब उतरतात. तळं कोरडं, पांढरं, टेबलासारखं सपाट, म्हणून ती सापडतात. लॉइड हृदयविकाराने गेला तेव्हा त्याचं सगळ्यांत मोठं रॉकेट गॅरेजमध्ये अर्धवट पडलं होतं. व्हर्लीन शोक करत बसली नाही. हॉलिसला बोलावून म्हणाली, "याचे पंख कसे चिकटवायचे ते दाखव." ते तिने पुरं केलं, उडवलं, आणि ते लॉइडच्या स्वतःच्या सगळ्या रॉकेटांपेक्षा उंच गेलं.

क्लबचं सामान ठेवायच्या ट्रेलरवर एक पत्र्याची पाटी आहे. सर्वांत उंच गेलेल्याचं नाव त्यावर रंगवतात. जुनं नाव खरवडायचं नाही, वरून रंग मारायचा आणि नवं लिहायचं. व्हर्लीन मला म्हणायची, "खाली लॉइड आहे, वर मी आहे. आम्ही दोघं अजून एकाच पांघरुणात." आणि हसायची. इतकी वर्षं त्या पाटीला कुणी हात लावला नव्हता.

आणि एक रीत होती. तीही लॉइडने घालून दिलेली. पाटीवरचं नाव उतरवायला जो कुणी रॉकेट आणील, त्याच्या रॉकेटचं बटण पाटीवर ज्याचं नाव आहे त्यानेच दाबायचं. इतकंच नाही, तर त्याच्याबरोबर पॅडपर्यंत, म्हणजे रॉकेट उभं करायच्या चौथऱ्यापर्यंत, जायचं आणि त्याचा दुसरा कान व्हायचं. रॉकेटच्या पोटात एक छोटं यंत्र असतं. वर पोचल्यावर तेच दारूचा बार काढून पॅराशूट बाहेर फेकतं. पॅडवर रॉकेट उभं केल्यावर स्क्रू फिरवून ते चालू करायचं, की ते बारीक आवाजात पीं पीं करतं. तीनदा केलं की सगळ्या तारा जुळल्या आहेत. दोनदा केलं की एक तार सुटली आहे, रॉकेट उडवायचं नाही. आता वाऱ्यात, धडधडत्या छातीने, उडवणाऱ्याच्या कानाला जे हवं तेच ऐकू येतं. म्हणून दुसरा कान. लॉइड म्हणायचा, ज्याची हार व्हायचीय त्याच्याच हातात सगळं द्या, म्हणजे मागाहून कुणी कुणाकडे बोट दाखवणार नाही.

तर मायतेने पाटीवरचं नाव उतरवायचं ठरवलं.

ते तिने लपवलं नाही, हेच तर व्हर्लीनला जास्त झोंबलं. सरळ येऊन म्हणाली, "व्हर्लीन, मी शरदातल्या उड्डाणांना तुमच्या उंचीच्या वर जायचा प्रयत्न करणार आहे. तुमची हरकत नाही ना?"

"हरकत कसली? आकाश काय माझ्या बापाचं आहे?"

"आणि पंखांच्या बुडाशी गोंदाचे किती थर द्यायचे, ते मला तुम्हीच सांगा. हॉलिस म्हणतो तुमच्याइतका जोड कुणाचा पक्का नाही."

व्हर्लीनने सांगितलं. एकेक थर, वाळायला किती वेळ, सगळं बरोबर सांगितलं. मायते गेल्यावर हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "बघितलंस? माझ्याच तोंडून काढून घेते. आणि वर इतकं गोड बोलते की शिवीसुद्धा देता येत नाही."

"मग नव्हतं सांगायचं."

"न सांगून काय करू? लोक म्हणतील म्हातारी जळते."

"जळतेस ना पण?"

"तो माझा प्रश्न आहे. लोकांचा नाही."

ती जळत होती, अगदी उघड. मायतेचं रॉकेट कार्बनच्या काळ्या नळीचं, सडपातळ, वरचं टोक गुलाबी. व्हर्लीन त्याला "लिपस्टिक" म्हणायची. मायतेचा तंबू वाऱ्याने उडाला तेव्हा पाच पुरुष धावले. व्हर्लीनचा मागच्या वर्षी उडाला होता तेव्हा तिचा तिनेच पकडला होता, हे तिने मला त्या दिवशी दोनदा ऐकवलं. हॉलिस मायतेच्या शिडीला धरून उभा राहिला तर म्हणाली, "माझ्या शिडीला कधी धरलं नाहीस तू."

"तूच म्हणायचीस, हात लावलास तर हात मोडीन," हॉलिस म्हणाला.

"म्हणून काय विचारायचंसुद्धा नाही?"

पायाला लागलेली तळ्याची खारी धूळ काढायला आम्ही सगळे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पाय बुडवतो, नाहीतर कातडी फुटते. मायतेने त्या पाण्यात लिंबाची साल टाकली. झालं. पुढच्या खेपेला सगळ्यांच्या बादल्यांत लिंबाची साल. व्हर्लीनने आपली बादली गाडीमागे नेऊन एकटीने पाय धुतले.

शरद ऋतूतली उड्डाणं जवळ आली तशी तिची झोप उडाली. रविवारी ती चर्चला जाते, मागच्या बाकावर बसते. त्या रविवारी परत आली ती माझ्या ओट्यावर टेकली. मी सांजवात लावून बाहेर येत होते.

"तुला एक विचारू? देवाकडे वारा मागितला तर चालतं का?"

"कसला वारा?"

"जोराचा. उड्डाणं रद्द होतील एवढा. दोन दिवस पुरेल."

"व्हर्लीन! देवाकडे असलं मागतात का?"

"कुणाचं वाईट नाही मागितलं. नुसता वारा मागितला."

"त्याला कळत नाही का तू वारा कशाला मागतेस ते?"

ती उठून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमच्या देवाला सांगून बघ. माझा ऐकेलसं दिसत नाही."

मी नाही सांगितलं. पण दिव्यापुढे तिचं नाव घेतलं, तिला जरा शांत ठेव एवढंच म्हटलं.

वारा आला, पण अर्धा. उड्डाणं रद्द होण्याइतका नाही, नुसता कानात घोंघावत राहील एवढा. शनिवारी सकाळी डोंगरावरची सावली ओसरली आणि मायतेचं रॉकेट लांबच्या पॅडवर चढलं. आम्ही सगळे दोरीच्या अलीकडे, खुर्च्या टाकून. लांब, उन्हात थरथरणाऱ्या हवेत, शिडीवर मायते आणि शिडीखाली व्हर्लीन, एवढं दुर्बिणीतून दिसत होतं. मायते वाकली, स्क्रू फिरवला. दोघी थांबल्या. मायतेने खाली बघून काहीतरी विचारलं. व्हर्लीनने हात वर केला, तीन बोटं दाखवली.

दोघी गाडीत बसून परत आल्या. व्हर्लीन हॉलिसच्या टेबलाशी आली. चेहरा धुळीने पांढरा, ओठ घट्ट मिटलेले.

"किती?" हॉलिसने रीतीप्रमाणे विचारलं.

"तीन."

हॉलिसने माइकवरून उलटे आकडे मोजले आणि व्हर्लीनने बटण दाबलं.

खरं सांगते, ते रॉकेट फार सुंदर गेलं. आधी जाळ, मग काही क्षणांनी छातीत बसणारा आवाज, आणि पांढऱ्या धुराची सरळ रेघ. मायते तोंडावर हात दाबून उभी होती. हॉलिस यंत्राच्या पडद्यावरून उंची वाचत होता आणि ती व्हर्लीनच्या उंचीच्या पुढे गेली तशी टाळ्या सुरू झाल्या. मी व्हर्लीनकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत होती. हात आपटत होते, डोळे कुठेच नव्हते.

मग हॉलिस गप्प झाला. आणि मग माइकवरून ओरडला, "पॅराशूट नाही! पॅराशूट नाही! सगळे वर बघा, खुर्च्यांवरून उठा!"

अशा वेळी पळायचं नाही, वर बघत उभं राहायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. पळणारा माणूस बघत नाही आणि मरतो. आम्ही सगळे मान वर करून उभे. काही दिसत नव्हतं. नुसता एक बारीक शिट्टीसारखा आवाज, मोठा होत जाणारा. माझ्या तोंडात रामनाम आलं. आणि गाड्या लावल्या होत्या त्यांच्या पलीकडे, अगदी थोड्या अंतरावर, जमीन धाडकन हादरली आणि पांढरी धूळ उडाली.

कुणाला लागलं नाही. पण तिथे सकाळी कुणीतरी आपलं लहान मूल झोपलेली बाबागाडी सावलीला नेऊन ठेवली होती आणि थोड्या वेळापूर्वीच काढली होती.

रॉकेट असं जमिनीत रुतलं की सगळ्यांनी फावडं घेऊन खणायला जायचं, ही पण इथली पद्धत. व्हर्लीनसुद्धा खणत होती, सगळ्यांपेक्षा जोरात. खालून काळ्या नळीचे तुकडे निघाले, गुलाबी टोकाची चिपाडं निघाली, आणि शेवटी ते यंत्र. धूळ झटकून हॉलिसने ते जोडून पाहिलं. ही यंत्रं स्वतः काय केलं ते लक्षात ठेवतात. तो बराच वेळ बघत राहिला.

"तार सुटलेली होती," तो म्हणाला. "पॅडवरच. हे दोनदा वाजलंय, तीनदा नाही."

सगळ्यांच्या माना व्हर्लीनकडे वळल्या.

"व्हर्लीन, तू तीन म्हणालीस."

"तीनच वाजले."

"यंत्र दोन म्हणतंय."

"वारा होता," मायते मध्येच म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज नीट होता. "मलाही नक्की ऐकू आलं नव्हतं. म्हणून तर मी विचारलं."

"म्हणून तर दुसरा कान असतो," मागून कुणीतरी म्हणालं. आणि आणखी कुणीतरी, हळू, पण ऐकू जाईल असं: "पाटी वाचली ना बाईची."

व्हर्लीनने फावडं खाली टाकलं आणि चालत आपल्या ट्रेलरकडे गेली. उंची मोडली तरी रॉकेट धड उतरल्याशिवाय पाटीवर नाव चढत नाही, हा नियम. पाटीवर व्हर्लीनच होती. त्या दुपारी तिच्या पातेल्याजवळ कुणी गेलं नाही. मी गेले, माझा डबा घेऊन बसले.

"तू काहीच बोलत नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? त्यांना जे वाटतंय ते वाटू दे. जळत होते की नाही? होते. रॉकेट खाली येताना बघून पोटात गार पडलं की नाही? पडलं. मग खोटं कशाला म्हणू?"

"पण तू मुद्दाम…"

"तू घरी जा," ती म्हणाली.

नंतर पुष्कळ दिवस ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. गावात ती दिसली की लोक दुकानातली वस्तू निरखायला लागायचे. हॉलिसने फोन करून मला सांगितलं, वसंतात पहिल्याच दिवशी ही रीत बंद करायची असं क्लबातल्या बहुतेकांचं ठरलंय. दुसरा कान चिठ्ठी टाकून निवडायचा, बटण क्लबच्या माणसाने दाबायचं. "लॉइडचं काही राहणार नाही," तो म्हणाला, "पण काय करू? त्याच्या बायकोनेच वाट लावली."

त्याच दिवसांत मी एकदा तिच्याकडे लोणचं द्यायला गेले. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी बसते न बसते तोच छताजवळून आवाज आला, पीं. थोड्या वेळाने पुन्हा, पीं. धुराचा इशारा देणारी ती डबी असते ना भिंतीवर, तिचा सेल संपत आला की ती अशी टोचत राहते. माझ्या दाढा शिवशिवल्या.

"कधीपासून वाजतंय हे?"

"काय?"

"हे. सेल संपलाय त्याचा."

तिने वर बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा पीं झालं. तिचा चेहरा हललासुद्धा नाही. सुरी बटाट्यात तशीच थांबली.

"वाजतंय?" तिने हळूच विचारलं.

"अगं, आत्ता वाजलं."

मला तेव्हा सगळं एकदम दिसलं. तिची करवत दिसली, तिचा मोठा आवाज दिसला, माझ्या कुकरची शिट्टी झाली तरी गप्पा मारत बसणारी व्हर्लीन दिसली. खुर्ची घेऊन मी वर चढले आणि सेल काढून तिच्या हातात दिला.

"व्हर्लीन, तुला पॅडवर दोनही ऐकू आले नव्हते. एकही आला नव्हता."

ती सेल हातात फिरवत राहिली.

"हे सगळ्यांना सांग. लोक तुला काय समजतात ते बघ तरी."

"काय समजतात? दुष्ट समजतात. दुष्ट बाईला लोक घाबरतात तरी. बहिरीला हात धरून रस्ता ओलांडायला लावतात."

"आणि उद्या कुणाच्या डोक्यात पडलं तर?"

"बटाटे काळे पडतील," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ केली.

मी उठून आले. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, यजमानांनाही नाही. सांगायची तर तिनेच, असं माझ्या मनाने घेतलं. पण वसंतात ती पॅडवर जायला निघाली तर मी आडवी पडायची, हेही ठरवलं होतं.

वसंतातल्या पहिल्या सकाळी उड्डाणांआधी सगळे टेबलाभोवती जमतात. हॉलिस सूचना देतो. मायतेने नवं रॉकेट आणलं होतं, टोक या वेळी पिवळं. आता पोटात दोन यंत्रं होती. व्हर्लीन येणार नाही असं सगळ्यांना वाटलं होतं, पण ती आली आणि पुढेच उभी राहिली, हातांची घडी घालून.

हॉलिसने घसा खाकरला. "आता एक बदल. आपली एक जुनी रीत आहे, दुसऱ्या कानाची. मागच्या वेळी जे झालं त्यावरून आपण असं ठरवलंय की…"

"थांब हॉलिस," व्हर्लीन म्हणाली. तिला माइक लागत नाही. "रीत नका बदलू. रीत लॉइडची आहे, तिचं काही चुकलं नाही. माणूस बदला. मी बहिरी आहे."

हॉलिसने हातातली चिठ्ठ्यांची टोपी टेबलावर ठेवली.

"सगळी नाही. तू बोलतोस ते ऐकू येतं, नको असलं तरी. बारीक आवाज येत नाहीत. किती वर्षं येत नाहीत ते मलाही ठाऊक नाही. त्या दिवशी मला पॅडवर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

"मग तीन का म्हणालीस, बाई?" ज्याने मागच्या वेळी पाटीचा टोमणा मारला होता तोच माणूस म्हणाला. "नाही ऐकू आलं म्हणायचं होतं."

"कारण मी जळत होते," व्हर्लीन म्हणाली. "हिच्यावर. हिच्या रॉकेटवर, रश्श्यावर, लिंबाच्या सालीवर, सगळ्यावर. ती शिडीवरून विचारते, तीन ना? मी म्हटलं असतं, मला नाही ऐकू आलं, खाली उतर, परत तपास, तर तुम्ही सगळे काय म्हणाला असतात? म्हातारी अडवते. पोटात दुखतंय. म्हणून मी तीन म्हटलं. जळत नसते तर सरळ थांबवलं असतं."

हॉलिस म्हणाला, "म्हणजे तू जळतेस हे आम्हाला कळू नये म्हणून…"

"हो."

"व्हर्लीन, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणीतरी. ज्या बाईची बाबागाडी होती ती मात्र हसली नाही. पुढे येऊन म्हणाली, "माझं बाळ तिथे होतं."

"माहीत आहे," व्हर्लीन म्हणाली. "त्यासाठी माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही. पण म्हणते." त्या बाईने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि बाळाला घेऊन मागे गेली.

मायते इतका वेळ पिवळ्या टोकावर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "मग आज माझा दुसरा कान कोण?"

"हॉलिस जाईल. त्याचे कान सशासारखे आहेत, दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकून ऐकून झालेत," व्हर्लीन म्हणाली. "बटण मात्र मी दाबणार. हाताला काही झालेलं नाही माझ्या."

कुणी नाही म्हटलं नाही. चिठ्ठ्यांची टोपी हॉलिसने उलटी करून डोक्यावर घातली.

हॉलिस आणि मायते पॅडवर गेले, ऐकलं, परत आले. "तीन. दोन्ही यंत्रांवर," हॉलिस म्हणाला. व्हर्लीनने त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. मग तिने बटण दाबलं.

ते गेलं. तिच्या उंचीच्याही वर, मायतेच्या मागच्या उंचीच्याही वर. आणि वर, दिसेनासं झाल्यावर, हॉलिसच्या पडद्यावर ते सावकाश खाली यायला लागलं आणि कुणीतरी दुर्बीण धरून ओरडलं, "उघडलं! उघडलं!" मायते धावत आली आणि तिने पहिली मिठी मारली ती व्हर्लीनला. व्हर्लीनने तिची पाठ थोपटली. जरा जोरातच थोपटली. मायतेला खोकला आला.

संध्याकाळी परतताना ती माझ्या गाडीत होती. मागे तळ्यावर धुळीचे लोट उठत होते. मी मुद्दाम काही विचारलं नाही. डांबरी रस्ता लागल्यावर तीच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात रीनोला जायचंय, कानाच्या डॉक्टरकडे. येशील का सोबत? तो हळू बोलला तर मला सांगायला कुणीतरी हवं."

"येईन की."

"यंत्र देईल बहुतेक. कानात घालायचं. मी चौकशी केलीय, फार बारीक आवाज त्याच्यानेही येत नाहीत."

"असू दे. मायतेबद्दल आता काय? गेलं का पोटातलं?"

ती माझ्याकडे बघून हसली. "कुठे जातंय? पिवळा रंग बघितलास का तो? कावीळ झाल्यासारखा." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "गॅरेजमध्ये लॉइडने आणलेली जाड नळी पडून आहे. हॉलिसशी बोललेय मी. शरदापर्यंत रॉकेट होईल उभं."

"अगं पण तुझा दुसरा कान…"

"तेच तर. पाटीवर आता तिचं नाव. माझं बटण ती दाबणार. आणि मी शिडीवर उभी राहून तिला विचारणार, किती वाजले गं? मला काहीच ऐकू येणार नाही. ती तीन म्हणाली की मला ते खरं धरावं लागेल." तिने काच वर केली. "सगळ्यांत जास्त हेच झोंबतंय बघ. ती खरंच बरोबर सांगेल."